कॅलेंडराबाहेरचे हात

माझ्या मुलाने या वर्षीही येशूला खणात घातलं.

खण म्हणजे टीव्हीखालचा. त्यात जुने चार्जर, पक्कड, विजेची बिलं आणि एक बंद पडलेलं घड्याळ असतं, आणि त्या सगळ्यांच्या वर प्रभू. मराठी मंडळाचं कुणी येणार असं कळलं की शिशिर आधी खुर्चीवर चढतो, भिंतीवरचा क्रूस काढतो, फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवतो (भक्तीत कमी पडायला नको), आणि खणात ठेवून खण लावून टाकतो. मग रिकाम्या खिळ्याला कॅलेंडर. पाहुणे गेले की हेच सगळं उलट. प्रभू तिसऱ्या दिवशी उठले होते. आमच्याकडे चहा-पोहे संपले की उठतात.

क्रूस आमच्या ह्यांनी केलेला. नगरच्या मिशन शाळेत ते सुतारकाम शिकवायचे. सागाचा आहे, हातभर लांब, एकही खिळा नाही, नुसती खाच घालून बसवलेला. ते नगरलाच वारले, नगरच्या मातीत त्यांना रीतसर पुरलं, नावाचा दगड लावला. त्यांची काळजी मिटली. माझी मिटायची आहे, आणि ती शिशिरच्या हातात आहे. त्याचे हात मात्र कॅलेंडर लावण्यात गुंतलेले.

शिशिर केंद्र सरकारच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. वय अठ्ठेचाळीस. सहा वर्षांपूर्वी चंदीगडला बदली झाली, सरकारी क्वार्टर मिळालं, आणि खालच्या मजल्यावर निघाले गजाननराव. याच्याच ऑफिसात, याच्याहून दोन पायऱ्या वर, शिवाय इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. परमुलखात दारावर मराठी आडनावाची पाटी दिसली की माणूस खूश व्हायचाच. ‘शिंदे’ वाचून ते वर आले, दोन कप चहा प्याले आणि जाताना म्हणाले, "ठरलं तर मग. यंदा गणपतीला आरतीचं ताट तुमच्या हातात."

तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. सर, आम्ही ख्रिस्ती आहोत, पण ताट धरतो. झालं. ताट कुणी काढून घेतलं नसतं. मंडळातली माणसं चांगली आहेत, मी कशाला खोटं सांगू? पण शिशिरने ते वाक्य उद्यावर टाकलं, आणि त्या उद्याला आता सहा वर्षं झाली.

न बोललेलं वाक्य पुढे फार खायला मागतं. गजाननरावांच्या बायकोने, नयनाताईने, एकदा मला विचारलं, "काकू, तुमचं कुलदैवत कोणतं?" मी तोंड उघडेपर्यंत शिशिर म्हणाला, "खंडोबा." बसल्या जागी आम्हाला कुलदैवत मिळालं. चार पिढ्यांपूर्वी असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मधली जी माणसं चर्चची घंटा वाजवत म्हातारी झाली, त्यांना एकदा विचारायचं तरी. त्यावर गजाननरावांनी, सुट्टीत नगरला निघालेल्या शिशिरच्या हातात नारळ दिला. म्हणाले, "तुम्ही तिकडे जाताच आहात, तर वाट वाकडी करून जेजुरीला ठेवा माझ्या नावाने." हा घेऊन गेला. त्या नारळाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. चटणी झाली असेल, असं मी धरून चालले.

नाताळाला मी करंज्या, शंकरपाळ्या करते. शेजारी ताट जायलाच हवं. शिशिर ते ताट देताना सांगायचा, "आईला दिवाळीत जमलं नव्हतं, आत्ता केलं." सहा वर्षं आमची दिवाळी पंचवीस डिसेंबरलाच जमते आहे. रविवारी हा मला चर्चला नेतो, स्वतः शेवटच्या बाकावर खांबाआड बसतो, आणि जिन्यात कुणी विचारलंच तर आम्ही सेक्टर बावीसला भाजी आणायला गेलो होतो. भाजीची पिशवी दर रविवारी रिकामी परत येते, तेही कुणी विचारत नाही.

आता कॅलेंडराचं सांगते. सहा वर्षांत भिंत मळली, क्रुसामागची तेवढी स्वच्छ राहिली. त्यामुळे क्रूस काढला की त्याच्या जागी पांढरा क्रूस दिसतो, लाकडी होता त्याहून ठळक. कॅलेंडर अरुंद. उभा दांडा झाकला जातो, आडव्याचे दोन हात मात्र दोन्हीकडून बाहेर येतात, जणू प्रभू कॅलेंडरामागे उभे आहेत आणि कुणीतरी बाहेर ओढायची वाट बघत आहेत. मी म्हटलं, "शिशिर, एक तर रंगारी बोलव, नाहीतर रुंद कॅलेंडर आण."

"आई, तेवढं कोण बघतं?" तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, मग ही बाई सहा वर्षं गप्प का बसली? तिसरीत असताना एका पोराने शिशिरच्या डब्यातली भाकरी हातात घेतली होती आणि परत ठेवली होती. आईने सांगितलंय, तुमच्यातलं खायचं नाही, असं म्हणाला तो. शिशिर घरी येऊन रडला नाही. डबा धुतला आणि ओट्यावर पालथा घातला. एवढंच. ते मी पाहिलं होतं. म्हणून मीही मोदक खाल्ले, कुलदैवताला मान डोलावली आणि तोंड मिटून बसले. माझं तोंड मिटणं ही काय चीज आहे, ते नगरला जाऊन विचारा.

पण फेब्रुवारीत मला धाप लागली. हॉस्पिटलात नेलं. मी स्ट्रेचरवर, नाकात नळी, डोळे मिटलेले, कान मात्र चालू. खिडकीतला माणूस फॉर्म भरून घेत होता. नाव झालं, वय झालं, नवऱ्याचं नाव झालं.

"धरम?"

माझा मुलगा म्हणाला, "ये भरना ज़रूरी है?"

"ख़ाली छोड़ दो जी."

याने तिथे एक आडवी रेघ मारली. मी तिथेच गेले असते तर रेघ म्हणून गेले असते.

चार दिवसांनी घरी आले. सून ओजस्विनी नातीच्या, रेवाच्या, बारावीच्या परीक्षेसाठी पुण्याला गेलेली, मे महिन्यापर्यंत तिकडेच. घरात आम्ही दोघंच. मी पाणी प्यायले आणि विचारलं, "मी गेल्यावर मला कुठे नेणार?"

"आई, काय बोलतेस? डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे."

"डॉक्टरला नाही विचारलं, तुला विचारलं. मंडळाचे लोक येतील खांदा द्यायला. ते स्मशानाच्या रस्त्याला लागतील आणि तू पेटी घेऊन कबरस्तानाच्या. त्यांना काय सांगशील? आईला बागकामाची आवड होती, म्हणून मातीत घालतोय?"

"आई, प्लीज."

"आणि वर काय लावशील, दगड की कॅलेंडर?"

तो उठून गॅलरीत गेला. मला दगड हवा आहे. त्यावर ‘सुमन विश्राम शिंदे’ आणि वर क्रूस. चौथी शिकलेल्या बाईला याहून जास्त लिखाण नको. पण तेवढं दिवसाउजेडी, चार लोकांसमोर हवं, आणि ते लावणारा माणूस गॅलरीत उभा राहून खालच्या मोटारी मोजत होता.

मार्चमध्ये आमच्या चर्चचे नवे पादरीसाहेब घरी आले. तरुण आहेत, बाहेरदेशी शिकून आले आहेत, त्यामुळे उत्साह फार. म्हणाले, यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, संध्याकाळी साडेसहाला वेगळी उपासना. तिला काहीतरी विलायती नाव आहे, माझ्या जिभेला वळत नाही. मी अंधाराची उपासना म्हणते. वेदीवर सात मेणबत्त्या आणि मधे एक मोठी पांढरी. क्रुसावरून प्रभूने काढलेले सात उद्गार सात घरांनी वाचायचे, सात भाषांत. एकेक वाचून झालं की वाचणाऱ्याने आपली मेणबत्ती विझवायची. शेवटी पांढरी न विझवता आत नेतात, म्हणजे सगळा काळोख. मग थडग्याचा दगड लोटल्यासारखा एक मोठा आवाज. मग पांढरी परत आणतात. आणि मग सगळ्यांनी मुकाट्याने घरी जायचं. फाटकाबाहेर पडेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही.

आमच्या नगरला बारा ते तीन असते, एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली. सात उद्गार आणि सात उपदेश. ज्याला झोप लागली नाही तो खरा ख्रिस्ती. इथे म्हणे काळोख आणि एसी. असो. मरण तेच आहे.

"तीसरा वचन मराठी में कौन पढ़ेगा, माँजी?" पादरीसाहेबांनी विचारलं.

"मेरा बेटा," मी म्हटलं.

शिशिर तेव्हा चहाचा ट्रे घेऊन येत होता. कप वाजले.

तिसरा उद्गार म्हणजे प्रभूने मरता मरता आईची सोय लावली, तो. खाली उभ्या असलेल्या शिष्याला आई दाखवली आणि आईला मुलगा दाखवला. हा भाग मी मागून घेतला नव्हता. पादरीसाहेबांच्या यादीत मराठीच्या पुढे तोच होता. मी फक्त बदलून मागितला नाही.

आता सरकार प्रभूच्या मरणाची सुट्टी देतं. सुट्टी बघून मंडळाने त्याच दिवशी संध्याकाळी पाडव्याचं स्नेहसंमेलन ठेवलं. सूत्रसंचालक कोण, तर शिशिर शिंदे. हे ठरत होतं तेव्हा शिशिर शिंदे तिथेच बसले होते आणि मान हलवत होते. आठवडाभर हा घरात फेऱ्या मारत होता. मला वाटलं, आता तरी बोलेल. बोलला. गुरुवारी गजाननरावांना फोन करून म्हणाला, "सर, उद्या जमणार नाही. आईची तब्येत बिघडलीय."

मी समोर बसून लसूण सोलत होते.

"बिघडली का?" मी म्हटलं. "मला आधी सांगायचंस, मी पडून राहिले असते."

शुक्रवारी माझा उपास. दुपारी पाणी तेवढं घेतलं. पावणेसहाला पांढरं पातळ नेसून, काठी घेऊन मी तयार. शिशिर पांढरा सदरा घालून गाडीची किल्ली शोधत होता. क्रूस खणातच होता, कारण आदल्या दिवशी मंडळाचे दोघं कार्यक्रमाचे कागद न्यायला आले होते, आणि नंतर तो वर लावायचं याच्या लक्षात राहिलं नव्हतं. उत्तम शुक्रवारी येशू खणात. तेवढ्यात बेल वाजली.

दारात नयनाताई. जरीचं लुगडं, नाकात नथ, केसांत गजरा, आणि हातात स्टीलचा डबा.

"काकू! उठलात कशाला? मी म्हटलं, कार्यक्रमाला जायच्या आधी मऊ खिचडी देऊन येते." मग तिने माझं पातळ पाहिलं, काठी पाहिली, शिशिरकडे पाहिलं. "कुठे निघालात?"

"डॉक्टरकडे," शिशिर म्हणाला. त्याला विचारही करावा लागला नाही. सहा वर्षांचा सराव.

"अगं बाई! म्हणजे जास्तच आहे की. थांब, मी येते."

"नको, नको वहिनी! तुमचा कार्यक्रम..."

"कार्यक्रमाला दोनशे माणसं आहेत. काकूंना धरायला कोण आहे? तू गाडी चालवणार की त्यांना धरणार?" आणि तिने माझा दंड धरला, मी चांगली चालत असताना. जिना उतरताना ती मला म्हणत होती, "हळू, काकू, हळू," आणि मागून शिशिर असा उतरत होता, की धरायची गरज खरं तर त्याला होती.

मागच्या सीटवर मी आणि नयनाताई, मधे डबा. पुढे शिशिर. गाडी निघाली. मी ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. मुलाने मला आजारी केलंय, तर आजारी माणसासारखं बसायचं. बघू याची गाडी कुठे जाते.

मटका चौक आला. सरळ गेलं तर हॉस्पिटल, वळलं तर चर्च. शिशिरने चौकाला एक फेरी घातली. त्याने दुसरी फेरी घातली. सहा वीस झाले होते. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने आमच्याकडे पाहिलं. तिसऱ्या फेरीला त्याने शिट्टी हातात घेतली.

"शिशिर," नयनाताई म्हणाली, "या चौकाला प्रदक्षिणा घालायचा नवस आहे का तुझा?"

"रस्ता... जरा ट्रॅफिक..."

"चर्चचं वळण दोनदा गेलं. आता तिसऱ्यांदा सोडू नकोस."

गाडी एवढी जोरात थांबली की डब्याचं झाकण उडालं आणि नयनाताईला ते परत दाबून बसवावं लागलं. मागच्या गाडीवाल्याने पंजाबीत आमच्या सात पिढ्या काढल्या, त्यात खंडोबावाले आणि घंटावाले दोन्ही आले. शिशिर मागे वळला. त्याचा चेहरा त्या वेळी अगदी तिसरीतला होता.

"वहिनी, तुम्हाला..."

"अरे, तुमच्या कॅलेंडराला दोन हात आहेत! सहा वर्षं मी समोरच्या सोफ्यावर बसून ते हात बघते. आणि दर वर्षी पंचवीस डिसेंबरला करंज्या. मला काय वाटत असेल, दिवाळीच्या उरलेल्या? महिन्यादीड महिन्याने त्या इतक्या खुसखुशीत कशा राहतील?"

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू बोलला नाहीस. मी कशाला बोलू? तुमच्या घरातली गोष्ट."

"आणि सरांना..."

"त्यांना कळायला त्यांनी मान वर करून भिंतीकडे बघायला हवं. ते तुमच्याकडे आले की बशीकडे बघतात. चल आता, तो शिट्टीवाला येतोय."

मी अजून बोलले नव्हते. पण काठीने शिशिरच्या सीटला मागून एकदा टोचलं. गाडी वळली.

आम्ही पोचलो तेव्हा पहिली मेणबत्ती विझली होती आणि दुसरी विझत होती. पंखे बंद, दिवे बंद, सगळे पांढऱ्या कपड्यांत मान खाली घालून बसलेले. त्यात नयनाताई जरीचं लुगडं, नथ आणि खिचडीचा डबा घेऊन पहिल्याच बाकावर माझ्याजवळ येऊन बसली, कारण मागे जागा नव्हती. साजूक तुपाचा वास आमच्याबरोबर आत आला. तुम्ही सकाळपासून उपाशी बसून प्रभूच्या मरणाचं चिंतन करून बघा, आणि शेजारी साजूक तूप.

पादरीसाहेबांनी शिशिरकडे पाहिलं. तो पुढे गेला. खांबाआड बसणारा माणूस, पहिल्यांदा सगळ्यांसमोर. कागद उघडला आणि वाचू लागला. वाचू लागला म्हणजे ओठ हलत होते. माईकलाही ऐकू जात नव्हतं. तिकडे क्रुसाखाली आई उभी होती, आणि इकडे माझ्या मुलाच्या घशात आवाज उभा राहत नव्हता.

मी काठी एकदा फरशीवर आपटली. लहानपणी मी याच्याकडून असंच वाचून घ्यायची. मला अक्षरं नीट येत नसत, पण हा अडखळला की कळायचं.

त्याने मान वर केली. आणि मग पहिल्यापासून वाचलं, मोठ्याने. आई दाखवली तो भाग आल्यावर त्याने कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चांगलं वाचलं. उगाच कौतुक नको, पण चांगलं वाचलं. मग लांब दांड्याची पितळी टोपी घेऊन त्याने मेणबत्तीवर ठेवली. टोपी दोनदा बाजूला गेली. तिसऱ्यांदा बसली.

पुढचे चार उद्गार झाले. मल्याळी, तमिळ, पंजाबी, शेवटी इंग्रजी. एकेक मेणबत्ती गेली. पांढरी आत नेली. एवढा काळोख झाला की शेजारच्या नथीची चमकही दिसेना. नयनाताईने माझा हात घट्ट धरला. आणि मग आवाज झाला.

आवाजाचं काम नरेश मसीह यांच्याकडे होतं. चर्चचे सगळे हिशोब, किल्ल्या आणि खुर्च्या तेच बघतात. नाताळाच्या गोठ्यातली मेंढरं आणि उंट ज्या लोखंडी ट्रंकेत असतात, तिचं झाकण त्यांनी वरून सोडलं. दोन आठवडे तालीम करत होते म्हणे.

"अगं बाई गं!" नयनाताई ओरडली, आणि डबा खाली पडला. तो वेगळाच आवाज झाला. पादरीसाहेबांनी ठरवलेल्या यादीत तो नव्हता, पण मला वाटतं लोकांना तोच जास्त लागला. पांढरी मेणबत्ती परत आली तेव्हा आधी सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं.

मग मुकाट्याने बाहेर. अडीचशे माणसं, चपलांचा आवाज, बाकी काही नाही. आम्ही अंगणाच्या मधोमध आलो आणि नयनाताईचा फोन वाजला. त्यावर तिने सनई-चौघडा लावलेला. लग्नघरात वाजतो तसा. अडीचशे मुकी माणसं आणि मधे चौघडा. तिने घाईघाईने उचलला तो नेमका स्पीकरवर.

"नयना! कुठे आहेस तू? इथे सूत्रसंचालन मीच करतोय, लोक उठून चाललेत! शिंदेच्या आईला ॲडमिट केलं का? कुठलं हॉस्पिटल? दे, शिंदेला फोन दे!"

नयनाताईने फोन शिशिरपुढे धरला. बोलायचं नाही हा नियम तिने ओळखला होता, म्हणून ती नुसती डोळ्यांनी बोलली.

नरेश मसीह यांनी लांबून ओठांवर बोट ठेवलं. पादरीसाहेबांनी मान हलवली. आणि माझ्या लक्षात आलं, माझ्या मुलाचं नशीब बघा. सहा वर्षं हा गप्प बसायला कारणं शोधत होता, आणि आज गप्प बसायची परवानगी त्याला खुद्द चर्चने दिली होती. फोन बंद करायचा, ओठांवर बोट ठेवायचं, आणि धर्म पाळला म्हणून पुण्यही मिळायचं. आईला मात्र तिचं उत्तर मिळायचं. मी काठीने टोचलं नाही. आपटली नाही. आता टोचून काढलेल्या शब्दाला काय किंमत?

"हॅलो? शिंदे?"

"सर," शिशिर म्हणाला. अडीचशे माणसांनी माना वळवल्या. "सर, हॉस्पिटलमध्ये नाही. आई बरी आहे. चर्चमध्ये आहे."

"कुणाच्या?"

"आमच्या, सर. आज उत्तम शुक्रवार आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत. पहिल्यापासून."

पलीकडून कुणीतरी माईकवर नाट्यगीत म्हणत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"मग ते खंडोबा?" गजाननराव म्हणाले.

"ते खोटं सांगितलं, सर."

"आणि माझा नारळ? जेजुरीला दिलेला?"

"तो ठेवला, सर. गडावर जाऊन. पायऱ्या चढून. तुमचं नाव-गोत्र सांगून ठेवला. भंडारा आणून दिला होता ना, तो तिथलाच होता."

ही मलाही बातमी होती. चटणी झाली नव्हती तर. नगरची वाट सोडून, उन्हातान्हात, दुसऱ्याच्या देवाला दुसऱ्याचा नारळ हा प्रामाणिकपणे पोचवून आला, आणि स्वतःच्या देवाला खणात ठेवतो. हे डोकं कुणावर गेलंय मला माहीत नाही. माझ्यावर नाही.

"हं," गजाननराव म्हणाले. "सोमवारी ऑफिसात बोलू." आणि फोन ठेवला. त्यांचा तो ‘हं’ कसला होता, रागाचा की नारळ पोचल्याच्या समाधानाचा, ते नयनाताईलाही सांगता आलं नाही. पुढे एक म्हातारा सरदारी पगडीवाला ख्रिस्ती चालला होता, तो वळला, शिशिरच्या पाठीवर थाप मारली, आणि नियम आठवून परत मुकाट्याने चालू लागला.

घरी आलो. डबा चेपला होता, पण खिचडी शाबूत. नयनाताईने ती तीन ताटल्यांत वाढली, स्वतःच्या हाताने शिशिरपुढे ठेवली, आणि त्याच्या ताटलीतला एक घास उचलून आधी आपल्या तोंडात टाकला. "मीठ कमी पडलंय," म्हणाली. तिला त्या तिसरीतल्या भाकरीचं काही माहीत नाही. शिशिरने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीतच राहिला.

मग तो उठला. खण उघडला, चार्जर बाजूला केले, क्रूस काढला. फुंकर नाही मारली, सदऱ्याच्या बाहीने पुसला. खुर्चीवर चढून कॅलेंडर काढलं आणि क्रूस खिळ्याला लावला. क्रूस भिंतीवर चढताना पाहुणी घरात आहे, हे सहा वर्षांत पहिल्यांदा झालं.

"डावीकडे जरा," पाहुणी म्हणाली. "हं. आता झाकले हात."

तो खुर्चीवरून उतरला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला, प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला उभा राहायचा तसा.

"आई," म्हणाला, "त्या दगडावर नाव मराठीत घालायचं की हिंदीत? इथल्या कारागिराला मराठीतला ‘ळ’ यायचा नाही."

"माझ्या नावात ‘ळ’ कुठे आहे, शहाण्या?" मी म्हटलं. संध्याकाळपासून तोंड मिटून बसले होते, आवाज जरा घोगराच निघाला. "सहा वर्षं लावलीस एका शब्दाला, आणि तो काढलास कुठे, जिथे बोलायचं नव्हतं तिथे. भित्रा आहेस तू, शिशिर. भित्रा होतास आणि सोमवारी ऑफिसात जाताना परत होशील. पण मला पुरायला चालशील."